धूर कोळशाचा की चिपाडाचा? हवेला विचारू या

कुठला देश वर्षाला किती कार्बन डायऑक्साइड सोडतो, हे आकडे तुम्ही बातम्यांत वाचता. गंमत म्हणजे ते बहुतेक वेळा हवेत मोजलेले नसतात, कागदावर काढलेले असतात. देशात किती कोळसा, डिझेल, गॅस जळला याची नोंद घ्यायची आणि टनामागे किती कार्बन निघतो, त्या गुणकाने गुणायचं. झाला हिशेब!

पण गुणकच चुकला तर? २०१५ साली 'नेचर'मध्ये आलेल्या एका अभ्यासासाठी चीनमधल्या कोळशाचे नमुने प्रत्यक्ष तपासले गेले. आयपीसीसीने सुचवलेल्या गुणकापेक्षा तिथल्या कोळशाचा गुणक सरासरी ४० टक्क्यांनी कमी निघाला. त्याच वर्षी पॅरिस करार झाला. त्यात उत्सर्जनाची वही ज्याची त्यानेच लिहायची आहे. मग ती पडताळायची कशी?

तुम्ही म्हणाल, सरळ हवा मोजा. अडचण अशी की झाडंझुडपं, माती आणि आपण सगळेच कार्बन डायऑक्साइड सोडतो. दिवसा झाडं तो शोषूनही घेतात. हवेत दर दहा लाख रेणूंमागे ४२० हून जास्त रेणू कार्बन डायऑक्साइडचे असतात. त्यात एखाद्या शहराची भर कितीदा जेमतेम काही रेणूंची. ती गाड्यांची की झाडांची, हे नुसत्या आकड्यावरून कळत नाही.

इथे कामाला येतो कार्बन-१४. वातावरणात वर, अवकाशातून येणाऱ्या किरणांमुळे हा किरणोत्सारी कार्बन सतत तयार होत असतो. झाडं तो हवेतून घेतात, झाडांतून तो आपल्यात येतो. दर ५,७३० वर्षांनी तो निम्मा होतो. आता साखर कारखान्याच्या बॉयलरमध्ये जळणारं उसाचं चिपाड घ्या. ऊस परवापर्यंत हवा घेत होता, म्हणजे त्याच्या धुरात कार्बन-१४ असणारच. चंद्रपूरचा कोळसा मात्र २५ कोटी वर्षांहून जुना. त्यातला कार्बन-१४ केव्हाच संपला. दोन्ही धुरांतला वायू रसायन म्हणून एकच, पण वय वेगळं!

म्हणून खनिज इंधनाचा धूर मिसळला की हवेतल्या कार्बन-१४ चं प्रमाण घटतं. हे हान्स स्यूस यांनी १९५५ सालीच दाखवलं होतं. दहा लाखांत एका रेणूची खनिज भर पडली, तर हे प्रमाण हजारी साधारण अडीचने उतरतं. एवढा बारीक फरक आज प्रयोगशाळेत पकडता येतो. अशाच मोजमापांवरून अमेरिकेचं २०१० सालचं उत्सर्जन काढलं गेलं. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला तो आकडा सरकारी हिशेबापेक्षा जास्त निघाला.

अर्थात ही काही जादूची कांडी नाही. अणुऊर्जा केंद्रांतूनही थोडा कार्बन-१४ बाहेर पडतो, आणि त्यामुळे आसपासची खनिज भर झाकली जाते. हवा कुठून वाहत आली, याचंही गणित मांडावं लागतं. शिवाय हवेचे नमुने घेणारी ठिकाणं मोजकीच आहेत.

म्हणजे कागदावरचा हिशेब टाकून द्यायचा का? मुळीच नाही. कुठल्या क्षेत्रातून किती उत्सर्जन झालं, हे तोच सांगतो. फक्त त्याला एक बाहेरचा तपासनीस हवा. उत्सर्जन कमी केल्याचा दावा कुणीही करू शकतो, पण हवेत किती जुना कार्बन मिसळला हे वहीत खाडाखोड करून बदलत नाही.