टाकी घासली की गोल्डफिश का दगावतो?

नव्या फिशटँकमध्ये गोल्डफिश बहुधा पहिल्याच दिवशी सोडला जातो. काचेची टाकी, रंगीत खडी, छोटा फिल्टर आणि प्लास्टिकच्या पिशवीतला मासा असा सगळा संसार एकाच फेरीत घरी येतो. टाकी आधी महिनाभर मुरवायची असते, हे सांगणारा दुकानदार विरळाच. पहिले तीन-चार दिवस काही बिघडत नाही. मग पाण्यावर दुधट झाक येते, मासा पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करू लागतो आणि घरात ठरलेला सल्ला निघतो: पाणी घाण झाले, टाकी रिकामी करा, खडी आणि फिल्टर नळाखाली खळखळून धुवा, ताजे पाणी भरा. टाकी चकाचक होते. आठवड्याने पाणी पुन्हा दुधट होते, पुन्हा धुणे होते आणि अशा दोन-तीन फेऱ्यांत मासा पोट वर करतो. त्यावरचा निष्कर्षही ठरलेलाच असतो: टाकी पुरेशी धुतली नाही.

या सल्ल्याच्या मुळाशी ‘स्वच्छ दिसते ते पाणी चांगले’ हा समज आहे. गोल्डफिशला मारणारी गोष्ट डोळ्यांना दिसतच नाही. माशाच्या शरीरातला टाकाऊ नायट्रोजन मुख्यतः लघवीतून जात नाही. तो अमोनियाच्या रूपात कल्ल्यांमधून पाण्यात जात राहतो. होमर स्मिथ या अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १९२९ साली कार्प आणि गोल्डफिश या माशांवरच प्रयोग करून हे दाखवले होते. म्हणजे विष्ठेचा कण न् कण वेचून काढला तरी अमोनिया साठायचा थांबत नाही. त्याला रंग नाही, आणि माशाला घातक ठरेल इतका अमोनिया असलेल्या पाण्यालाही माणसाच्या नाकाला जाणवेल असा वास नसतो. पाणी काचेसारखे नितळ असताना मासा भाजलेल्या कल्ल्यांनी गुदमरत असू शकतो. उलट ज्या दुधट झाकेने घरादाराची झोप उडते, ती सेंद्रिय कचऱ्यावर झपाट्याने वाढलेल्या साध्या जिवाणूंची असते. हे जिवाणू पाण्यातला प्राणवायू थोडा जास्त वापरतात, एवढाच त्यांचा उपद्रव. हवेचा पंप चालू ठेवला आणि खाणे कमी केले, तर ती झाक काही दिवसांत आपोआप विरते.

अमोनियाची विल्हेवाट लावणारे जिवाणू वेगळे. काही जण अमोनियाचे नायट्राइट करतात, काही नायट्राइटचे नायट्रेट; नायट्रेट त्या मानाने बरेच निरुपद्रवी असते. ही साखळी सेर्गेई विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९०च्या सुमारास उलगडली. टाकीत तिचे दोन्ही दुवे उभे राहणे म्हणजेच टाकी ‘सायकल’ होणे. या जिवाणूंच्या बाबतीत दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. एक, ते पाण्यात तरंगत नाहीत. फिल्टरचा स्पंज, खडी, काच यांच्या पृष्ठभागावर पातळ बुळबुळीत थर करून राहतात. दोन, ते फार सावकाश वाढतात. साधे जिवाणू अनुकूल स्थितीत अर्ध्या तासाच्या आत दुप्पट होतात. यांना कित्येक तास, टाकीतल्या परिस्थितीत बहुधा दिवसच लागतो. म्हणून साखळी पूर्ण व्हायला चार ते सहा आठवडे जातात, थंड पाण्यात त्याहून जास्त.

पुस्तकांत दुसऱ्या दुव्याचे श्रेय ‘नायट्रोबॅक्टर’ला दिलेले असते, आणि बाटलीबंद जिवाणू विकणारेही पुष्कळदा तेच नाव सांगतात. टिमोथी होव्हानेक, एडवर्ड डिलाँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ आणि १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत गोड्या पाण्याच्या टाक्यांच्या फिल्टरमध्ये हे काम करताना मुख्यतः ‘नायट्रोस्पायरा’ सापडले. बाटलीतल्या जिवाणूंनी फरक पडत नाही, तेव्हा ते वाटेत उन्हाने मेले असण्याइतकीच ते मुळात चुकीचे असण्याचीही शक्यता असते.

आता ठरलेल्या सल्ल्याकडे पुन्हा पाहिले की त्यातला घात दिसतो. खडी घासली आणि स्पंज नळाखाली पिळला, की आठ-दहा दिवसांत जेमतेम धरलेला थर निघून जातो. जो उरतो त्याला नळाच्या पाण्यातला क्लोरीन मारतो. क्लोरीन पाण्यात असतो तो जिवाणू मारण्यासाठीच. पिण्याच्या पाण्यासाठीचे भारतीय मानक, आयएस १०५००, नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा असे सांगते. चार दिवस अमोनिया गेल्यासारखा वाटतो, मग साखळी शून्यापासून सुरू होते. दर रविवारी धुतली जाणारी टाकी वर्षभर नवीच राहते.

याच्या नेमका उलटा गैरसमज थोडे वाचन केलेल्यांत आढळतो: सायकल पूर्ण होईपर्यंत पाणी अजिबात बदलू नये, नाहीतर जिवाणू उपाशी मरतील. रिकाम्या टाकीला हे एक वेळ चालेल. टाकीत मासा असताना हा सल्ला क्रूर आहे. जिवाणू पाण्यात राहतच नाहीत, तर पाण्याबरोबर जाणार कसे? आणि लिटरमागे पाव मिलिग्रॅम अमोनियावरही त्यांचे भागते. पाणी बदलायचे, पृष्ठभागांना हात लावायचा नाही, एवढाच हा फरक आहे, पण दोन्ही पंथांना तो पटवताना सारखाच घाम फुटतो.

मासा आत असताना सायकल करायची तर थेंबांचा तपासणी संच लागतो. अंदाजाने हे काम होत नाही. अमोनिया आणि नायट्राइट रोज मोजायचे. दोहोंपैकी काहीही लिटरमागे ०.५ मिलिग्रॅमच्या आसपास आले, की क्लोरीन काढून टाकलेले, टाकीइतक्याच तापमानाचे पाणी घेऊन निम्मे पाणी बदलायचे. इथे हिशोब साधा आहे: २ मिलिग्रॅम अमोनिया असताना निम्मे पाणी बदलले तर १ उरतो, म्हणजे दुसऱ्या बदलाची गरज असतेच. खाणे दिवसातून एकदा, मिनिटभरात संपेल एवढेच. गोल्डफिशला जठर नसते. तो सतत चरणारा मासा आहे आणि कायम भुकेला दिसतो, पण थोड्या उपासाने तो मरत नाही. हवेचा पंप रात्रंदिवस चालू ठेवायचा, कारण हे जिवाणूही प्राणवायूवरच जगतात. फिल्टर तुंबला तर टाकीतूनच काढलेल्या पाण्याच्या बादलीत स्पंज हलकेच पिळायचा. ओळखीत कोणाची जुनी, निरोगी टाकी असेल तर तिच्या स्पंजाचा तुकडा विरजणासारखा आपल्या फिल्टरमध्ये ठेवावा. याइतका जलद उपाय दुसरा नाही.

अमोनियाचे विषारीपण पाण्याच्या सामूवर, म्हणजे पीएचवर, अवलंबून असते. २५ अंश सेल्सिअसला सामू ७ असेल तर एकूण अमोनियापैकी अर्धा टक्का किंवा थोडासा जास्त भाग घातक, मुक्त रूपात असतो. सामू ८ झाला की हाच भाग पाच टक्क्यांवर जातो. म्हणून बोअरच्या क्षारयुक्त पाण्यावर चालणाऱ्या टाकीत ०.५चा आकडाही हलक्यात घेता येत नाही.

साधारण दोन-तीन आठवड्यांनी अमोनिया शून्याकडे येतो आणि नेमक्या त्याच वेळी गाफीलपणा सुरू होतो. तोवर नायट्राइट चढलेले असते. ते कल्ल्यांतून रक्तात शिरते, हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहण्याची ताकद हिरावते आणि कल्ले तपकिरी दिसू लागतात. नायट्राइट आणि क्लोराइड कल्ल्यांच्या एकाच वाटेने आत जातात, त्यामुळे क्लोराइड वाढवले की नायट्राइटची वाट अडते. दहा लिटरला एक ग्रॅम मीठ, आधी मगभर पाण्यात विरघळवून, पुरते. आयोडीनयुक्त मीठ चालत नाही ही भीती निराधार आहे. त्यातल्या आयोडीनची मात्रा नगण्य असते. मीठ बाष्पाबरोबर उडत नाही, म्हणून पुढे जेवढे पाणी बदलले तेवढ्याच पाण्यापुरते ते पुन्हा घालावे. आणि मीठ घातले म्हणून पाणी बदलणे थांबवू नये.

बाकीचे समज थोडक्यात. पाणी चोवीस तास उघडे ठेवल्याने टाकी तयार होत नाही. त्याने फार तर क्लोरीन उडतो, आणि पुरवठ्यात क्लोरॅमीन असेल तर तोही उडत नाही. आरओचे पाणी ‘शुद्ध’ म्हणून भरू नये: सायकलच्या जिवाणूंना कार्बोनेट क्षार लागतात, ते नसतील तर सामू घसरत जातो आणि साखळी अडखळते. दुकानदार माशाबरोबर देतो ते निळे औषध, मिथिलिन ब्लू, हेच जिवाणू मारते. टाकीत ते प्रतिबंधक म्हणून टाकू नये. मनी प्लांटची मुळे पाण्यात सोडल्याने अमोनिया थोडा शोषला जातो हे मात्र खरे आहे. काचेच्या वाडग्यात गोल्डफिश ‘वाडग्याएवढाच वाढतो’ हे खोटे. साधा गोल्डफिश सहज वीत ओलांडतो आणि चांगल्या टाकीत दहा-पंधरा वर्षे जगतो. इंग्लंडमधल्या ‘टिश’ नावाच्या गोल्डफिशने ४३ वर्षे गाठल्याची गिनेस बुकात नोंद आहे.

‘गोल्डफिश कणखर असतो, आधी तोच सोडून पाहावा’ या समजाला अर्धा आधार आहे. थंड पाण्यात प्राणवायू संपला तरी तो काही काळ तग धरतो, कारण त्या अवस्थेत साठलेल्या लॅक्टिक आम्लाचे तो इथेनॉल करून कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. त्यामागची जनुकीय यंत्रणा ऑस्लो आणि लिव्हरपूल विद्यापीठांच्या संशोधकांनी २०१७ साली उलगडली. अमोनियाविरुद्ध ही युक्ती काही कामाची नाही. राहिला शेवटचा समज: टाकीतला मासा मेला म्हणजे त्याने घरावरचे संकट स्वतःवर घेतले. नव्या टाकीपुरते तरी हे संकट बहुधा अमोनियाचे असते, आणि मृत्यूनंतर लगेच नवा मासा आणून सोडला तर ते त्याच्याही वाट्याला येते.

सलग आठवडाभर, पाणी न बदलता, अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले आणि नायट्रेट चढत गेले, की सायकल पूर्ण झाली असे मानावे. त्यानंतर आठवड्याला पाव ते एक तृतीयांश पाणी बदलणे पुरते. दुसरा मासा आणायचा तर टाकीत तेवढी जागा असेल तरच आणावा, आणि तो आल्यावर पंधरा दिवस मोजणी पुन्हा सुरू ठेवावी, कारण जिवाणूंची संख्या एका माशाच्या अमोनियापुरतीच वाढलेली असते.