सोन्याच्या खाणीतले दरोडेखोर

'वाळूमाफिया' हा शब्द आपल्याकडे कुणाला समजावून सांगावा लागत नाही. पण सोनेमाफिया? मित्रांनो, दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात हा प्रकार इतका वाढलाय, की परवाना घेऊन, कर भरून सोनं काढणाऱ्या कंपन्यांनाच आपल्या खाणी सांभाळणं अवघड झालंय.

उत्तर पेरूच्या डोंगराळ भागात पातास नावाचा प्रांत आहे. तिथे 'पोदेरोसा' ही कंपनी जमिनीखालून सोनं काढते. डिसेंबर २०२३ मध्ये सशस्त्र टोळीने स्फोटकं घेऊन या खाणीवर हल्ला केला. किमान ९ जण ठार झाले. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने पातासमध्ये आणीबाणी लावली. तरीही एप्रिल २०२५ मध्ये खाणीच्या ठेकेदाराचे १३ कामगार पळवले गेले. ४ मे रोजी एका बोगद्यात त्यांचे मृतदेहच सापडले.

हे चालतं कसं? सोनं खडकातल्या शिरांमध्ये असतं, आणि शिरेला कंपनीची हद्द कळत नाही! टोळ्या शेजारून बोगदा खणतात, शिरेमागून जातात आणि कंपनीच्या आयत्या बोगद्यात घुसतात. सर्वेक्षण, हवा खेळती ठेवणं, छताला आधार देणं हा सगळा खर्च कंपनीचा; माल मात्र टोळीचा.

बरं, चोरीचा माल पकडला का जात नाही? कोकेन कुठेही सापडलं तरी बेकायदाच. सोनं मात्र एकदा वितळलं, की त्याचं मूळ पुसलं जातं. त्यात भर म्हणजे 'रेइन्फो' ही नोंदवही. छोट्या खाणकामगारांना कायद्याच्या चौकटीत आणण्यासाठी ती निघाली. नोंद असलेल्याला फौजदारी कारवाईपासून संरक्षण मिळतं. ही सोय तात्पुरती होती, पण तिची मुदत वाढतच गेली. खरे गरजू कामगार त्यात आहेतच, पण त्यांच्या नावाआड चोरीचं खनिजही खपतं. शिवाय मार्च २०२५ मध्ये सोन्याने औंसाला, म्हणजे सुमारे ३१ ग्रॅमला, ३००० डॉलरचा टप्पा ओलांडला. मग लोभ सुटणार कसा?

मला वाटतं, नुसतं लष्कर पाठवून हे थांबणार नाही. खनिज कुठूनही निघो, ते प्रक्रिया कारखान्यात यावंच लागतं. तिथे प्रत्येक ट्रकचं वजन, त्यातलं सोन्याचं प्रमाण आणि मूळ खाण यांचा हिशोब जुळलाच पाहिजे. आपण परीक्षेपुरता घोकतो तो मास बॅलन्स हाच! एवढ्याशा खाणीतून एवढं सोनं आलं कुठून, हा प्रश्न कारखान्याच्या दारातच विचारला, तर बोगद्यातली माणसं वाचतील.