एका दिवसाचं मैदान

मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर मी आयुष्यात एकदाच गेलो. १८८३ सालचं ते मैदान, हिरवळ आणि ऐटीत फिरणारे घोडे पाहून माझा सहकारी म्हणाला, "तुमच्या साताऱ्या-सांगलीकडे आहे का असं काही?" मी म्हणालो, "आहे की! पण ते वर्षातून एकच दिवस असतं."

आमच्याकडचं मैदान म्हणजे पीक निघालेलं रान किंवा गावाबाहेरचा माळ. जत्रा जवळ आली की दगड वेचायचे, ढेकळं फोडायची आणि प्रत्येक छकड्यासाठी वेगळी फाटी आखायची. गटात जिंकलेली जोडी सेमीफायनलला, तिथून फायनलला. सांगलीकडे रस्त्यानं जाऊन परत यायची 'आरत-पारत' शर्यतही असते. खटाव तालुक्यातल्या पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेत तर गाड्या पाहायला माणसांचा पूर लोटतो. यात्रा सरली की रानात पुन्हा नांगर फिरतो.

त्याच भागातल्या एका शाखेत मी अधिकारी असताना एक शेतकरी कर्ज मागायला आला.

"कशासाठी?"

"खोंड घ्यायचाय, सायेब. खिल्लार हाय."

"शेतीला?"

तो हसला. "न्हाई. पळायला."

फॉर्मवर 'उद्देश' असा रकाना होता. त्यात 'पळायला' बसेना. ट्रॅक्टर घेतोस तर लगेच देतो, असं सांगून मी अर्ज परत केला. खोंड त्यानं घेतलाच, बायकोचे दागिने मोडून!

पुढे २०११ साली केंद्राच्या अधिसूचनेनं खेळात वापरायला बंदी असलेल्या प्राण्यांत बैलाचं नाव आलं आणि ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं शर्यती बंदच केल्या. तो भेटला तेव्हा गोठा रिकामा होता. "व्यापाऱ्याला दिला," एवढंच म्हणाला. व्यापारी कुठला, हे मी विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही.

न्यायालय चुकलं, असं मात्र मी म्हणणार नाही. काठीच्या टोकाला ठोकलेला खिळा मी या डोळ्यांनी पाहिलाय. पाठीवरून रक्ताचा ओघळ येत असताना माणसं शिट्ट्या वाजवत होती. त्या गर्दीत मीही होतो, आणि गप्प होतो.

पण दुसरी बाजूही खरीच. माण, खटाव, आटपाडी, जत या कोरड्या मुलखात शतकानुशतकं पोसलेला खिल्लार ट्रॅक्टर आल्यावर नांगराला नकोसा झाला. त्याला मोल देणारी जागा उरली ती बहुतांशी शर्यतीचीच. मी ट्रॅक्टरला आनंदानं कर्ज देत होतो, तेव्हा या बैलाचं काय होईल, हा रकाना माझ्या फॉर्मवर नव्हता.

राज्यानं २०१७ साली कायदा केला, तो उच्च न्यायालयात अडला. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयानं अटींवर परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं कायदा वैध ठरवला. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी, पशुवैद्याची तपासणी हवी. चाबूक, काठी, टोचणी चालत नाही. त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातल्या भाळवणीच्या शर्यतीत पहिलं बक्षीस होतं थार मोटार! ज्या इंजिनानं बैलाला शेतातून घालवलं, तेच आता बैल जिंकून आणू लागला. गंमत आहे, पण बक्षीस मोठं झालं की काठी उगारायचा मोहही मोठा होतो. आणि माळावर पंच किती, गर्दी किती?

म्हणून म्हणतो, मुलाबाळांना घेऊन जत्रेला गेलात तर शर्यत जरूर बघा. नंतर मात्र मुलांचा हात धरून, परत येणाऱ्या बैलांपाशी जा आणि त्यांची पाठ बघा. पाठ कोरी असेल, तर टाळ्या वाजवा. वळ दिसला, तर माझ्यासारखे गप्प राहू नका.