रिकामा डबा आणि परसबाग

यवतमाळ जिल्ह्यात पोळा सरला की पऱ्हाटी भराला येते आणि फवारणीचा जोर वाढतो. त्या दिवसांत बांधावर, विहिरीच्या काठी, गोठ्याच्या कोपऱ्यात औषधांचे रिकामे डबे साचू लागतात. डबा दिसावयास मजबूत, प्लास्टिक जाड, झाकण घट्ट. तो टाकून देणे काटकसरी गृहिणीच्या जिवावर येते. मग कोणी त्यात बियाणे ठेवितो, कोणी शेतावर पाणी नेतो, तर कोणी त्याचे तोंड कापून अंगणात सांबाराचे बी टाकितो किंवा मिरचीचे रोप लावितो. काटकसर हा गुण खरा. या एका ठिकाणी मात्र तो अंगाशी येणारा आहे.

२०१७ सालच्या खरिपाची आठवण या जिल्ह्यात अजून ताजी आहे. त्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यातील वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात व अन्यत्र उपचार घ्यावे लागले. ती बाधा डब्यांतील भाजीमुळे झाली नव्हती. श्वासावाटे व कातडीवाटे विष अंगात भिनले होते. परंतु ज्या द्रवाचा नुसता फवारा माणसास अंथरुणास खिळवितो, त्याचा अंश राहिलेला डबा स्वयंपाकघराच्या दारात ठेवावा काय, हा विचार प्रत्येक घराने करावयास हवा.

डबा राखेने घासून, उन्हात वाळवून वापरला तर काय बिघडते, असा प्रश्न नेहमी येतो. पुष्कळशी कीटकनाशके पाण्यात सहज विरघळत नाहीत, म्हणून ती तेलकट द्रावकात मिसळून तयार करितात. पाण्यात टाकताच दुधासारखी पांढरी होणारी औषधे या जातीची होत. हे द्रावक पॉलिथिनच्या भिंतीत मुरते आणि आपल्याबरोबर विषाचाही काही अंश आत नेते. औषधाचा जुना डबा कधी कधी फुगलेला वा पोचलेला दिसतो, तो याच कारणाने. वरचा थर धुऊन जातो. आत मुरलेले राहते आणि पुढे ओल्या मातीत हळूहळू उतरते. वास गेला म्हणजे विष गेले, असे समजू नये.

शिवाय काही औषधे आंतरप्रवाही असतात, म्हणजे झाड ती शोषून आपल्या रसाबरोबर अंगभर खेळविते. मोनोक्रोटोफॉस हे त्यांपैकीच एक. भाजीपाल्यावर त्याच्या वापरास आपल्या देशात २००५ साली बंदी झाली. जे औषध पालकावर फवारण्यास मनाई, त्याच्याच डब्यात पालक लावणे, ही विसंगती कोणाच्याही ध्यानात यावी. पालेभाजी तर महिन्याभरात ताटात येते. तिच्याबाबतीत धोका अधिक.

डब्याच्या बुडाशी त्रिकोणात एक आकडा असतो. १, २ व ५ या आकड्यांचे प्लास्टिक भाजीसाठी त्यातल्या त्यात बरे. ३ हा पी.व्ही.सी.चा आणि ६ हा पॉलिस्टायरीनचा, ते टाळावेत; ७ मध्ये अनेक प्रकार एकत्र येत असल्याने खात्री नसल्यास तोही वर्ज्य करावा. ही माहिती उपयोगी आहे, पण तिच्यावरच विसंबणाराची येथे फसगत होते. कीटकनाशकाचे कित्येक डबे २ आकड्याच्याच प्लास्टिकचे असतात! आकडा डबा कशाचा केला एवढेच सांगतो. त्यात काय भरले होते हे सांगत नाही. म्हणून प्रथम पाहावयाचे ते पूर्वीचे लेबल. लाल, पिवळा, निळा वा हिरवा विषदर्शक चौकोन असलेला कोणताही डबा परसबागेस निषिद्ध समजावा. हिरवा म्हणजे निर्धोक, हा समज चुकीचा आहे. तो केवळ इतरांहून कमी विषारी. तणनाशक, इंजिनचे ऑईल, घराचा रंग व फिनेल यांचे डबेही याच पंक्तीत बसतात. डबा कशाचा होता हे घरात कोणासच सांगता येत नसेल, तर त्यात झेंडू लावावा.

खाद्यतेलाचा, लोणच्याचा किंवा मिठाईचा डबा मात्र खुशाल घ्यावा. साबणाने धुऊन बुडास चार-पाच छिद्रे पाडावीत, तळाशी विटांचे तुकडे घालावेत आणि निम्मी माती व निम्मे चांगले कुजलेले शेणखत भरावे. सांबार व मेथीस वीतभर खोली पुरते. वांगे व टोमॅटोस हातभर तरी हवी. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा बेचाळीस अंशांच्या वर जातो, तेव्हा काळ्या डब्यात मुळे अक्षरशः भाजतात. डबे तुरीच्या काड्यांच्या मांडवाखाली ठेवावेत किंवा त्यांस ओले पोते गुंडाळावे. एक-दोन उन्हाळ्यांनंतर प्लास्टिक ठिसूळ होऊन त्याच्या कपच्या मातीत पडू लागतात. तसा डबा बदलावा.

राहता राहिला औषधाचा रिकामा डबा. तो शेतातच, फवारणी चालू असतानाच निकालात काढावा. हातमोजे घालून त्यात चौथाई पाणी भरावे, झाकण लावून अर्धा मिनिट खळबळावे आणि ते पाणी पंपातच ओतावे. असे तीन वेळा करावे. त्यायोगे औषधाचा शेवटचा थेंबही पिकास लागतो आणि नाल्यात विष जात नाही. मात्र तीनदा धुतलेला डबाही भाजीस चालत नाही. १९७१ च्या कीटकनाशक नियमांनुसार असे डबे पुन्हा वापरात येऊ नयेत म्हणून फोडून वस्तीपासून दूर पुरावयाचे असतात. विहीर व नाला जवळ नसेल अशी जागा निवडावी. डबे जाळू नयेत. धूरही विषारीच असतो.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी परसबागेचे बी वाटताना अंगणातील डबे एकवार उलटे करून पाहावेत. औषधाच्या डब्यात भाजी आढळली तर ती उपटून गुरांपुढे वा उकिरड्यावर टाकू देऊ नये. रोप व माती डब्यासह पुरण्यास सांगावे. त्याच भेटीत खाद्यतेलाच्या डब्यास छिद्रे पाडून मेथी पेरून द्यावी. आठवडाभरात ती उगवते.