बंदुकीवरील साल

रोह्याचे ग्रामदैवत श्रीधावीर महाराज यांच्या पालखीस दसऱ्याच्या उत्सवांत पोलिसांची सशस्त्र मानवंदना मिळते, हें त्या बाजूच्या वाचकांस ठाऊकच आहे. रोह्यालगतच्या वरसे गांवापासून पेणपर्यंतच्या टापूंत शस्त्रपूजेचें महत्त्व मोठें. क्वचित् एखाद्या जुन्या घरीं माळ्यावरची मोडकी बंदूकही त्या दिवशीं पाटावर येते. मग तिच्यावरील आंकडे वाचून कोणी सांगतो कीं, ही आंग्ऱ्यांच्या आरमारांतली. कोणी म्हणतो, ही सत्तावनच्या धामधुमींतली. घराण्याचा अभिमान आम्हांसही प्रिय आहे. परंतु असें विधान कुलवृत्तांतांत छापण्यापूर्वीं त्या आंकड्यांची उलटतपासणी झालेली बरी.

बंदुकीवरील साल हें संबंध बंदुकीचें नसून, ज्या भागावर तें कोरलेलें असतें त्या भागाचें असतें. समजा, चापाच्या पट्टीवर मुकुट, ‘टॉवर’ हा शब्द आणि १८६१ हा आंकडा आहे, व नळीच्या मागील अंगास काडतूस घालण्यासाठीं बिजागरीचें झांकण आहे. तर ती स्नायडर बंदूक होय. ही रचना इंग्रज सरकारनें १८६६ सालीं स्वीकारली. त्या वेळीं सर्वच बंदुका नव्यानें न घडवितां, १८५३ च्या नमुन्याच्या ठासणीच्या एन्फील्ड बंदुकांच्या नळ्या मागून कापून त्यांस नवें यंत्र जोडण्यांत आलें. चाप मात्र जुनाच राहिला, आणि त्यावरील सालही! आंग्ऱ्यांचें कुलाबा संस्थान १८४० सालींच खालसा झालें होतें. तेव्हां अशा बंदुकीचा संबंध त्यांच्या आरमाराशीं किंवा सत्तावनशीं कसा जोडावा? शिवाय सत्तावननंतर हिंदी पलटणींस गोऱ्या पलटणींहून एक पिढी मागचें हत्यार देण्याचें सरकारी धोरण होतें. त्यामुळें घडणीच्या सालावरून वापराचें साल ठरवितां येत नाहीं.

त्याहून जुनी बंदूक असेल तर चापावर बदामाच्या आकृतींत ईस्ट इंडिया कंपनीचीं आद्याक्षरें शोधावीं. पुढें एकोणिसाव्या शतकांत त्या जागीं मागील पायांवर उभा राहिलेला सिंह आला.

संगिनीवरचा आंकडा तर फारच फसवा. पात्याच्या मुळाशीं मुकुटाखालीं ‘१९०७’ दिसतें, आणि संगीन त्या वर्षींची असें वाटतें. वस्तुतः तें नमुना मंजूर झाल्याचें साल. त्याच्या खालीं बारीक अक्षरांत ‘५ १७’ असें असेल, तर घडण मे १९१७ ची.

थ्री-नॉट-थ्रीवर दस्ता लोखंडास मिळतो त्या जागीं मुकुट, ‘जी. आर. आय.’ हीं अक्षरें, बंगालमधील इच्छापूर कारखान्याचें नांव व साल आढळतें. अक्षरांचा अर्थ ‘राजा व सम्राट जॉर्ज’ असा आहे. स्वातंत्र्यानंतर मुकुट जाऊन अशोकस्तंभाचे सिंह आले. सोबत रिकामें काडतूस असल्यास त्याचें बूड पाहावें. ‘के’ व ‘एफ’ हीं अक्षरें असलीं तर तें आपल्या पुण्याजवळील खडकीचें.

शकाचाही विचार हवा. नेपाळी बंदुकांवर नागरी आंकड्यांत विक्रमसंवत् असतो. त्यांतून ५७ वजा केले म्हणजे इसवी सन येतो. एकाच हत्यारावर दोन सालें असल्याचें ठळक उदाहरण म्हणजे विजापूरची मुलूखमैदान तोफ. ती अहमदनगरास हिजरी ९५६, म्हणजे इसवी १५४९ मध्यें ओतली गेली. औरंगजेबानें विजापूर घेतल्यावर तिच्यावर हिजरी १०९७ चा आपला लेख कोरविला. केवळ हा दुसराच लेख वाचणारा तोफेचें वय सव्वाशेंहून अधिक वर्षांनीं कमी करील.

आंकडे दिसावेत म्हणून बंदूक विटकरीच्या भुकटीनें घासूं नये. पुसट खुणा कायमच्या जातात. तिरप्या उजेडांत त्या पुष्कळदां आपोआप दिसतात. त्याआधीं नळी जाणत्याकडून तपासून घ्यावी, कारण ठासणीच्या बंदुकींत जुना बार राहिलेला असूं शकतो. शस्त्र मोडकें असलें तरी १९५९ च्या शस्त्रकायद्याप्रमाणें परवाना लागतो किंवा कसें, हें जिल्हाधिकारी कचेरींत विचारावें. बंदूक घरांत केव्हां आली हें तिच्यावरील साल सांगूं शकत नाहीं. त्यासाठीं जुनी दप्तरें चाळावीं. १८७८ च्या कायद्याखालील एखादा परवाना निघाला, तर त्यावर आजोबा-पणजोबांचें नांव मिळण्याचा संभव आहे.