दंडाची पावती आणि डावी मार्गिका

रायपूर शहराच्या पश्चिम टोकास टाटीबंध नावाचा चौक आहे. नागपूर, राजनांदगाव, दुर्ग व भिलाई या बाजूने येणारा जुना ग्रेट ईस्टर्न रोड येथे शहरात शिरतो. उरला आणि सिलतरा येथील कारखान्यांतून लोखंड घेऊन निघालेल्या, तसेच बिलासपूरकडून येणाऱ्या मालमोटारी वळणरस्त्याने येथेच येऊन मिळतात. शहरातील दुचाक्या, प्रवासी बसगाड्या, सायकलवरून कामावर जाणारे मजूर आणि लांब पल्ल्याच्या मोटारी या सर्वांची गाठ येथे पडते. चौकावर आता उड्डाणपूल झाला आहे; परंतु त्यापूर्वी कित्येक वर्षे हे ठिकाण अपघातांसाठी कुप्रसिद्ध होते. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे मोठे रुग्णालय याच परिसरात आहे.

पूल बांधून चौकाची अडचण पुष्कळ अंशी दूर करता येते. पुलावरून उतरल्यानंतर वाहनाने कोणत्या मार्गिकेतून जावयाचे, हा प्रश्न मात्र चालकाच्या सवयीचा आहे. ही सवय दंडाने सुधारते काय, आणि सुधारत असेल तर कोणत्या अटींवर, याचा विचार येथे करावयाचा आहे.

मराठी वाचकांना हा रस्ता परका नाही. १९५६ पर्यंत रायपूर आणि नागपूर ही शहरे एकाच राज्यात होती. पुढे राज्ये निराळी झाली, तरी लग्नकार्ये, शिक्षण आणि व्यापार यांनिमित्त होणारी ये-जा चालूच राहिली. हा मार्ग आज राष्ट्रीय महामार्ग ५३ म्हणून ओळखला जातो. रायपूरचे एखादे कुटुंब मोटारीने पुण्यामुंबईस निघाले, की देवरी, साकोली, भंडारा करीत नागपूर गाठते आणि पुढे समृद्धी महामार्गास लागते. नागपूर ते मुंबईजवळील आमणे हा ७०१ किलोमीटरचा मार्ग जून २०२५ मध्ये पूर्णपणे खुला झाला. म्हणजे एकाच प्रवासात या कुटुंबास दोन अगदी भिन्न प्रकारच्या रस्त्यांचा अनुभव येतो. ही गोष्ट पुढील विवेचनात उपयोगी पडेल.

नियम कोणता?

मार्गिका, म्हणजे आपण बोलताना ज्याला लेन म्हणतो तो रस्त्यावर आखलेला पट्टा. महामार्गावर त्याची रुंदी साधारणपणे साडेतीन मीटर असते. नियम एका वाक्यात सांगता येतो: डाव्या बाजूने चालावे, दुसऱ्यास ओलांडण्यापुरते उजवीकडे यावे, आणि ओलांडून झाल्यावर पुन्हा डावीकडे परतावे. २०१७ च्या मोटार वाहन चालन विनियमांनुसार मार्गिका बदलण्यापूर्वी योग्य तो इशारा देणेही बंधनकारक आहे.

नियम मोडल्याने काय होते, हे साध्या अंकगणिताने कळते. ताशी ५५ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या मालमोटारीस दुसरी मालमोटार ताशी ६० किलोमीटर वेगाने ओलांडू लागली, असे समजा. दोन्ही गाड्यांची लांबी आणि मागेपुढे ठेवावयाचे अंतर धरले, तर पुढे निघून जाण्यास पाऊण मिनिट लागते आणि तेवढ्यात सुमारे पाऊण किलोमीटर रस्ता मागे पडतो. एका दिशेस दोनच मार्गिका असतील, तर तेवढा वेळ संपूर्ण रस्ता अडून राहतो. मागून ताशी ९० किलोमीटर वेगाने येणारी मोटार सेकंदाला २५ मीटर अंतर कापीत असते. तिचा चालक अधीर झाला, की डावीउजवीकडे फट शोधू लागतो. अपघाताचे बीज या ठिकाणी पडते. मागाहून त्याची नोंद बहुधा ‘अतिवेग’ अशी होते.

२०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. एकट्या छत्तीसगडमध्ये हा आकडा पाच हजारांहून अधिक होता. देशातील एकूण रस्त्यांच्या लांबीत राष्ट्रीय महामार्गांचा वाटा दोन टक्क्यांच्या आसपास आहे; तथापि द्रुतगती मार्ग धरून त्यांच्यावरील मृत्यूंचे प्रमाण छत्तीस टक्के होते.

दंड वाढला, पुढे काय?

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यात २०१९ साली मोठी दुरुस्ती झाली आणि १ सप्टेंबर २०१९ पासून दंडाच्या रकमा अनेक पटींनी वाढल्या. रस्त्याविषयीचे विनियम मोडल्यास ५०० ते १,००० रुपये दंड ठरला. अतिवेगासाठी हलक्या वाहनास १,००० ते २,००० आणि मध्यम व अवजड वाहनास २,००० ते ४,००० रुपये ठरले. नियमाविरुद्ध रीतीने दुसऱ्यास ओलांडणे किंवा उलट दिशेने येणे या गोष्टी इतरांस धोका पोचेल अशा रीतीने केल्यास त्या धोकादायक वाहनचालनात मोडतात. त्यासाठी दंडाबरोबर कारावासाचीही तरतूद आहे.

या वाढीचे स्वागत सर्वत्र झाले नाही. गुजरातने त्याच महिन्यात तडजोडीच्या अनेक रकमा कमी केल्या. महाराष्ट्रात नवे दर डिसेंबर २०२१ मध्ये लागू झाले. सामान्य माणसास एवढा भार पेलणार नाही, ही राज्यांची भूमिका अगदीच निराधार नव्हती. परंतु त्या वादात एक मुद्दा मागे पडला. बेकारिया या इटालियन विचारवंताने १७६४ मध्येच दाखवून दिले होते, की माणूस शिक्षेच्या कठोरपणापेक्षा तिच्या निश्चितपणास अधिक भितो. हजारांतून एखाद्यासच होणारा पाच हजारांचा दंड हा दुर्दैवाचा भाग वाटतो. प्रत्येक वेळी हटकून होणारा पाचशेंचा दंड मात्र सवय बदलावयास लावतो.

या दृष्टीने रायपूरमध्ये चौकाचौकांत बसविलेले कॅमेरे आणि घरी येणारे ई-चलन ही सुधारणा महत्त्वाची आहे. कॅमेऱ्यापाशी ओळखपाळख चालत नाही. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार अशा नियमभंगाची सूचना पंधरा दिवसांच्या आत धाडावयाची असते, आणि पुढे कॅमेरा आहे हे सांगणारा फलक आधी लावावयाचा असतो. हेतू लपून पकडण्याचा नसून आधी सावध करण्याचा आहे, हे त्यावरून स्पष्ट होते. मात्र चलन वर्षानुवर्षे थकवावे आणि मग लोकअदालतीत सवलतीने मिटवावे, अशी वाट लोकांच्या अंगवळणी पडली, तर निश्चितपणाचा सारा लाभ वाया जातो.

दंडास आणखी एक धोका आहे. इस्राएलमधील हायफा शहरात दहा पाळणाघरांचा अभ्यास झाला व तो २००० साली प्रसिद्ध झाला. मुलांना नेण्यास उशिरा येणाऱ्या पालकांवर त्यांपैकी काही पाळणाघरांनी लहानसा दंड बसविला. उशिरा येणारे कमी होण्याऐवजी वाढले. जवळजवळ दुप्पट झाले. पूर्वी शिक्षिकेस ताटकळत ठेवण्याचा संकोच वाटत असे. आता पैसे भरले की हिशेब मिटला, असे पालकांस वाटू लागले. पुढे दंड रद्द केला, तरी गेलेला संकोच परत आला नाही. रस्त्यावरही श्रीमंत मोटारमालकास दंड हे केवळ भाडे वाटू शकते. म्हणूनच अनेक देशांनी पैशाखेरीज अन्य उपाय योजले. ब्रिटनमध्ये २०१३ पासून मधली मार्गिका विनाकारण अडवून धरणाऱ्यास १०० पौंड दंडाबरोबर परवान्यावर तीन गुणही लागतात. तीन वर्षांत असे बारा गुण जमले, की सामान्यतः परवाना काही काळ जातो. फिनलंडमध्ये गंभीर अपराधांचा दंड उत्पन्नाच्या मानाने ठरवितात. परवाना गमावण्याची भीती गरिबास आणि श्रीमंतास सारखीच वाटते.

डावी मार्गिका कोणाची?

तरीही सर्व भार चालकावर टाकणे न्यायाचे होणार नाही. मालमोटार उजव्या मार्गिकेतच का रेंगाळते, हे तिच्या चालकाच्या जागी बसून पाहावयास हवे. डावीकडे ढाब्यापुढे उभ्या असलेल्या गाड्या असतात. वळसा टाळण्यासाठी उलट दिशेने येणारे दुचाकीस्वार असतात. सायकली, पायी जाणारी माणसे आणि अंधारात दिवा नसलेली ट्रॉली असते. छत्तीसगडमध्ये तर पावसाळ्याच्या रात्री कोरडी जागा शोधून गुरे डांबरी रस्त्यावर येऊन बसतात. राज्याच्या उच्च न्यायालयाने या गुरांची स्वतःहून दखल घेतली आहे. अशा वेळी उजवीकडे राहणे हा चालकास बेशिस्तपणा वाटत नाही, सावधगिरी वाटते. त्यास पावती दिली, तर तो पावती भरील आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उजवीकडूनच जाईल.

समृद्धी महामार्गावर दुचाकी व तीनचाकी वाहनांस प्रवेश नाही, आणि वाटेल तेथून वर येताही येत नाही. तेथे डावी मार्गिका मोकळी ठेवता येते; म्हणून ती सोडणाऱ्यास जाब विचारणे रास्त ठरते. राष्ट्रीय महामार्ग ५३ हा मात्र वाटेवरील गावांचाही रस्ता आहे. तेथे आधी सेवारस्ते, मालमोटारींचे थांबे, प्रकाश आणि गुरांची व्यवस्था हवी. दंडाचा क्रम त्यानंतर अथवा निदान त्याच्याबरोबर लागावयास हवा.

याचा पडताळा मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मिळतो. तेथे २०१६ साली १५१ मृत्यू झाले होते; २०१९ मध्ये हा आकडा शंभराच्या खाली आला. हे काम केवळ दंडाने झाले नाही. धोक्याच्या जागा शोधून कठडे बसविणे, उभ्या वाहनांवर कारवाई, पोलिसांची गस्त आणि जखमींस त्वरित मदत हे सर्व उपाय एकत्र योजले गेले. २०२४ पासून त्या मार्गावर कॅमेऱ्यांची यंत्रणाही आली.

सदोष रस्त्याची जबाबदारी कायद्यानेही ओळखली आहे. २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे रस्त्याची रचना व निगा यांचे ठरलेले मानदंड न पाळल्याने मृत्यू अथवा अपंगत्व ओढवले, तर संबंधित अधिकारी, ठेकेदार किंवा सल्लागार यांस एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कायद्याची अंमलबजावणी करणाऱ्यांनीच नियम मोडला, तर त्यांस दुप्पट दंड आहे. ही कलमे चालकांवरील कलमांइतक्याच तत्परतेने वापरली गेली, तर चलन हातात पडणाऱ्या माणसास ते न्याय्य वाटेल. आणि न्याय्य वाटलेला दंडच माणसास सुधारतो.

तोवर आपल्या हाती काय आहे? मोटार घेऊन निघणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने तीन गोष्टी पाळाव्यात. पुढे कोणी नसताना उजवी मार्गिका अडवून धरू नये. मार्गिका बदलण्यापूर्वी आरसा पाहावा आणि इशारा द्यावा. एखाद्यास ओलांडल्यानंतर तो मागच्या आरशात पुरता दिसू लागला, की डावीकडे परतावे. यास पैसा लागत नाही, आणि वेळही जवळपास लागत नाही. मागच्या आसनावरील मुले हे सारे पाहत असतात. उद्या तीच वाहने चालविणार आहेत, आणि त्यांच्या पहिल्या धड्यासाठी कोणत्याही कॅमेऱ्याची वाट पाहावी लागत नाही.