सदस्य ते सरपंच : नवापूर तालुक्यातील नव्या कारभाऱ्यांसाठी

नंदुरबार जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला वसलेले नवापूर बाहेरच्या प्रवाशाला ठाऊक असते ते त्याच्या रेल्वे स्थानकामुळे. सुरत–भुसावळ मार्गावरील या स्थानकाचा काही भाग महाराष्ट्रात, तर काही गुजरातेत मोडतो. शासकीय कामकाजाच्या दृष्टीने मात्र तालुक्याचे वैशिष्ट्य निराळे आहे. राष्ट्रपतींच्या १९८५ च्या आदेशानुसार संपूर्ण नवापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात समाविष्ट असून, येथील ग्रामपंचायतींची सरपंचपदे अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. मावची, कोकणा, भिल्ल आदी समाजांतील अनेक स्त्री-पुरुष आधी एखाद्या प्रभागाचे सदस्य म्हणून आणि पुढे सरपंच म्हणून निवडून येतात. सदस्याचा सरपंच होणे ही कागदोपत्री एका दिवसाची गोष्ट. कामाची जुनी सवय सुटण्यास मात्र पुष्कळ अवधी लागतो.

प्रभागाचा सदस्य हा मुळात पाठपुरावा करणारा माणूस असतो. पाड्यावरील हातपंप नादुरुस्त झाला की तो पंचायत समितीत खेटे घालतो, यांत्रिकाला स्वतःच्या मोटारसायकलीवर बसवून आणतो आणि पाणी सुरू झाल्यावरच घरी जेवायला जातो. लोक त्याला कामाचा माणूस म्हणू लागतात आणि बहुधा याच लौकिकावर तो सरपंच होतो. नेमका हाच गुण पहिल्या वर्षी त्याला नडतो. सरपंच झाल्यावर एक पाडा नव्हे, सारे पाडे त्याचे होतात. आणि प्रत्येक हातपंपामागे तो स्वतःच धावू लागला, तर मासिक सभा, वसुली, आराखडा यांकडे पाहणारे कोणी उरत नाही. शिवाय इतर सदस्य आपोआप प्रेक्षक बनतात.

यावर उपाय सांगण्यास सोपा, आचरण्यास अवघड आहे. पाणीपुरवठा एका सदस्याकडे, अंगणवाडी व शाळा दुसऱ्याकडे, दिवाबत्ती तिसऱ्याकडे, अशी कामे मासिक सभेत नावानिशी सोपवावीत आणि तशी नोंद कार्यवृत्तात करावी. पुढील सभेत प्रथम त्या त्या सदस्याने सांगावे, मग सरपंचाने बोलावे. चार दिवस विलंब झाला की काम परत आपल्या हाती घेण्याचा मोह अनावर होतो. तो आवरला पाहिजे. एकदा काम काढून घेतले की तो सदस्य पुन्हा जबाबदारी मागत नाही, असा सर्वत्रचा अनुभव आहे. पहिली विकासकामे ठरविताना स्वतःच्या पाड्याचे नाव यादीत सर्वांत वर येणार नाही याचीही दक्षता घ्यावी. मागणी न्याय्य असली, तरी गाव प्रथम तेच पाहते.

जुन्या सोबत्यांचा प्रश्न अधिक नाजूक असतो. कालपर्यंत एका बाकावर बसून सरपंचाविरुद्ध बोलणारे मित्र आज त्याच्याकडून झुकते माप अपेक्षितात. मैत्री तोडण्याचे कारण नाही. परंतु चहाच्या टपरीवर दिलेला शब्द हा पंचायतीचा निर्णय नव्हे, हे पहिल्या महिन्यातच स्पष्ट झालेले बरे. जो सहकारी सरपंचपदाच्या स्पर्धेत मागे पडला असेल, त्याला एखादे महत्त्वाचे काम आवर्जून द्यावे. थेट जनतेतून निवडून आलेल्या सरपंचास तर हे अधिकच लागू पडते. राज्यात ही पद्धत २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये रद्द झाली व २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली. अशा सरपंचाला गावाने बहुमत दिलेले असले, तरी सदस्यांच्या सभेत तो अल्पमतात असू शकतो. तेथे मतांचा हिशेब मांडण्यापेक्षा सभेपूर्वी प्रत्येक सदस्याच्या घरी जाऊन विषय समजावून सांगणे फलदायी ठरते.

ग्रामसेवक हे पद २०२४ च्या निर्णयानुसार ग्रामविकास अधिकारी या पदात विलीन होऊन ग्रामपंचायत अधिकारी या नावाने ओळखले जाऊ लागले. या अधिकाऱ्याशी असलेले नातेही बदलते. सदस्य त्याला जाब विचारतो. सरपंच त्याच्यासोबत ग्रामनिधीच्या धनादेशावर सही करतो. नियम त्याला अधिक ठाऊक असतात, म्हणून सारे त्याच्यावर सोपविणे सोयीचे वाटते. पण न वाचता केलेली सही ही सरपंचाचीच सही असते. वाचनाची सवय नसेल, तर मजकूर मोठ्याने वाचून घ्यावा. त्यात कमीपणा मानू नये.

अनुसूचित क्षेत्रात सरपंचाच्या वर ग्रामसभा आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने पाडा किंवा पाड्यांचा समूह हाच गाव मानला आणि योजनांना मंजुरी देण्याचा, तसेच लाभार्थी निवडण्याचा अधिकार ग्रामसभेस दिला. खर्च झालेल्या निधीच्या विनियोगाचे प्रमाणपत्रही पंचायतीने ग्रामसभेकडूनच घ्यावयाचे असते. आदिवासी उपयोजनेतील पाच टक्के निधी २०१५ पासून थेट या ग्रामपंचायतींकडे देण्यात येऊ लागला, तेव्हापासून या प्रमाणपत्राचे मोल वाढले. येथे नवापूरच्या सरपंचाला एक गोष्ट विशेष ध्यानी ठेवावी लागते. २६ जानेवारीच्या ग्रामसभेच्या वेळी तालुक्यातील कित्येक कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत गेलेली असतात. ज्यांच्या घरकुलाचा वा रोजगाराचा निर्णय व्हायचा, तेच गैरहजर. तेव्हा लाभार्थी निवडीचे विषय शक्यतो माणसे गावी असतील अशा सभेपुढे आणावेत. ते अशक्य असल्यास स्थलांतरितांची यादी सभेपुढे ठेवून मगच निवड करावी. विषयपत्रिका प्रमाण मराठीत असली, तरी चर्चा घरच्या बोलीत होऊ द्यावी. सरपंचाने मावचीत समजावलेला ठराव लोक लक्षात ठेवतात आणि पुढील सभेत त्याबद्दल विचारतातही.

राज्यातील पंचायतींत २०११ पासून निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. अनेक ठिकाणी सरपंच स्त्री असते आणि उत्तरे तिचे पती देतात. हा दोष केवळ घरचा नाही. कार्यालयात आलेल्या सरपंचबाईंना खुर्ची देऊन प्रश्न मात्र त्यांच्या पतींना विचारणारे अधिकारीही त्यास कारण आहेत. ग्रामसभेपूर्वी स्त्रियांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद कायद्यात आहेच. तिचे अध्यक्षस्थान नव्या महिला सरपंचाने स्वतः भूषवावे. मोठ्या सभेत उभे राहण्यापूर्वी तेथे आवाज मोकळा होतो.

शिक्षक वाचकांना यातील बरेचसे परिचित वाटेल. सहशिक्षकाचा मुख्याध्यापक होतो तेव्हा तोही आपला वर्ग सोडण्यास कचरतो, आणि लहान शाळेत तो सोडताही येत नाही. अशा वेळी पोषण आहाराच्या नोंदी, परिपाठ, बांधकामाचा पत्रव्यवहार यांपैकी काय सहकाऱ्याकडे द्यायचे, हे जूनमध्येच ठरवून घेतलेले बरे.

पदभार स्वीकारताना घाई करू नये. रोकडवही, बँक पासबुक, कर आकारणीचा नमुना ८, कार्यवृत्त पुस्तक व जडवस्तूंची नोंदवही ही कागदपत्रे दोन सदस्यांसमक्ष तपासावीत. शिल्लक रकमेचा आकडा पासबुकाशी ताडून पाहावा, अपूर्ण कामांची यादी वेगळी करावी, आणि जे दप्तर मिळाले नाही त्याची नोंद पदभाराच्या कागदावर त्याच दिवशी करून एक प्रत गटविकास अधिकाऱ्यांकडे पाठवावी.